पीव्हीए हायड्रोजेलचं ड्रेसिंग: पावडरीपासून पेशी-चाचणीपर्यंतचे टप्पे आणि नेमक्या चुकणाऱ्या जागा

"धुताना जेल विरघळलं." "एका थाळीची फुगवण ५०० टक्के आली, दुसरीची ९००." "निर्जंतुक करायला वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये चकत्या ठेवल्या होत्या, उघडून बघितलं तर तळाशी नुसतं द्रावण." एम.एस्सी. आणि एम.फार्म.च्या प्रकल्पांचे दिवस आले की ही तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. (फुगवण म्हणजे जेल स्वतःच्या कोरड्या वजनाच्या मानाने किती पाणी धरतं तो आकडा.) प्रकल्पाला उरलेले असतात दोन महिने, आणि त्यातला एक महिना मुलं चुकीच्या जागी चूक शोधण्यात घालवतात.

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. गोठवून आणि वितळवून केलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या, म्हणजे पीव्हीएच्या जेलमध्ये साखळ्यांना बांधणारे पक्के रासायनिक बंध नसतात. साखळ्यांचे काही तुकडे एकमेकांलगत नीट रचले जाऊन सूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि सगळं जाळं त्या स्फटिकांवर उभं राहतं. ग्लुटारल्डिहाइडसारखा विषारी जोडक लागत नाही, म्हणूनच जखमेसाठी हे जेल आकर्षक वाटतं. पण स्फटिक नीट झाले नाहीत, किंवा झालेले वितळले, तर हातात काहीच उरत नाही. खालची प्रत्येक पायरी वाचताना स्वतःला विचारत राहा: याने स्फटिक वाढतील की मोडतील?

सावध: इथे सांगितलेलं जेल अभ्यासासाठी आहे. ते स्वतःच्या, घरच्यांच्या किंवा पाळीव प्राण्याच्या जखमेवर लावू नका. प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते, आणि माणसांसाठीचं ड्रेसिंग भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली येतं.

## टप्पा १: जेल कोणत्या जखमेसाठी, हे आधी लिहून काढा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि मग शेवटी "आमची फुगवण सर्वात जास्त, म्हणून आमचं जेल सर्वात चांगलं" असा निष्कर्ष काढतात.

पाण्याने भरलेलं जेल मुळात ओलावा देणारं ड्रेसिंग आहे. कोरडी जखम, वरवरची भाजलेली जागा, वाळून घट्ट बसलेला मृत थर, अशा ठिकाणी ते उपयोगी पडतं. गार लागतं, आणि काढताना नवी त्वचा ओरबाडत नाही. भरपूर स्राव पाझरणाऱ्या जखमेवर मात्र तेच जेल कडेची निरोगी त्वचा पांढरी आणि लिबलिबीत करून टाकतं. तिथे अल्जिनेट किंवा फोमसारखं शोषून घेणारं ड्रेसिंग हवं.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहा: जखम कोरडी की ओली, ड्रेसिंग किती तास राहणार, आणि जेलने पाणी द्यायचं की घ्यायचं. पुढच्या चाचण्या याच तीन ओळींवरून ठरतील.

## टप्पा २: पीव्हीए विकत घेताना लेबल वाचा

पीव्हीए थेट तयार होत नाही. आधी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट बनतं आणि मग त्याचं जलापघटन करून ॲसिटेट गट काढले जातात. किती टक्के गट निघाले हा आकडा लेबलवर असतो, आणि तुमचं जेल होणार की नाही हे बरंचसं त्याच्यावर ठरतं.

* जलापघटन ९८-९९ टक्के किंवा त्याहून जास्त: हेच घ्या.
* जलापघटन ८७-८९ टक्के: हे घेऊ नका. उरलेले ॲसिटेट गट साखळ्यांच्या मध्ये आडवे येतात, रचना जमत नाही आणि स्फटिक तयार होत नाहीत.

रेणुभार साधारण ८५,००० ते १,२४,००० दरम्यानचा असला की काम सोपं होतं. फार कमी रेणुभाराचं जेल लेचंपेचं होतं. फार जास्त रेणुभाराचं द्रावण इतकं दाट होतं की त्यातले बुडबुडे निघता निघत नाहीत.

मी स्वतः पहिल्या वर्षी या एका आकड्यावर सहा आठवडे घालवले. कपाटात पीव्हीए लिहिलेली बाटली होती, ती उचलली आणि रोज गोठवत राहिलो. जलापघटनाचा आकडा लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होता, तो वाचला नाही. तेव्हापासून नव्या विद्यार्थ्याला मी आधी बाटलीचं लेबल मोठ्याने वाचायला लावतो.

तपासणी: लेबल पुसलेलं असेल तर थोडी पावडर पाण्यात घालून ६० अंश सेल्सिअसला ढवळून पाहा. अर्ध्या तासात छान विरघळली तर बहुधा ती कमी जलापघटनाची आहे. पूर्ण जलापघटन झालेलं पीव्हीए ९० अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय दाद देत नाही. म्हणजे जी बाटली सोयीची वाटते, नेमकी तीच चुकीची असते.

पावडर हवेतला ओलावा ओढून घेते. बाटली डेसिकेटरमध्ये ठेवा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत काम करत असाल तर वजन करण्याआधी थोडा नमुना वाळवून ओलावा किती आहे ते काढा आणि हिशेबात धरा.

## टप्पा ३: दहा टक्के द्रावण, पण वजनाने

"१० टक्के" म्हणताना एक जण १० ग्रॅम पीव्हीए आणि ९० ग्रॅम पाणी घेतो. दुसरा १० ग्रॅम पीव्हीए १०० मि.ली. पाण्यात टाकतो. दुसऱ्याचं द्रावण वजनाने ९.१ टक्केच भरतं. एकाच प्रयोगशाळेत दोघांचे आकडे का जुळत नाहीत, याचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं. या लेखात सगळीकडे वजनाने १० टक्के धरलं आहे.

१. रिकाम्या बीकरचं वजन ढवळणीसकट घ्या आणि बीकरवरच लिहा.

२. ९० ग्रॅम विआयनीकृत (क्षारांचे आयन काढून टाकलेलं) पाणी घ्या. पाणी गारच हवं.

३. ढवळत असताना १० ग्रॅम पावडर थोडी थोडी भुरभुरा. पिठल्यासाठी बेसन आधी गार पाण्यात कालवतात, तेच इथे. गरम पाण्यात पावडर ओतली तर गुठळीचा वरचा थर लगेच चिकट होतो आणि आत कोरडी पावडर अडकते. ती गुठळी मग चार तास ढवळली तरी फुटत नाही.

४. अर्धा तास भिजू द्या. रात्रभर भिजलं तर आणखी चांगलं.

५. बीकर पाण्याच्या किंवा तेलाच्या बाथमध्ये ठेवून ९० ते ९५ अंशांपर्यंत न्या. थेट हॉटप्लेटवर ठेवलं तर तळ लागतो आणि द्रावण पिवळं पडतं. द्रावण दाट होत जातं तसा चुंबकी ढवळणीचा तुकडा जागीच अडखळतो. वरून फिरणारी ढवळणी असेल तर तीच वापरा.

६. तोंड फॉइलने घट्ट झाका. तीन ते चार तास लागतील.

७. गार होण्याआधी पुन्हा वजन करा. जितकं पाणी उडालं असेल तितकं गरम विआयनीकृत पाणी घालून वजन भरून काढा आणि आणखी १५ मिनिटं ढवळा.

सातवी पायरी सर्वात जास्त गाळली जाते. १०० ग्रॅम द्रावणातून १२ ग्रॅम पाणी उडालं तर उरलेलं द्रावण ११.४ टक्क्यांचं झालं. पुढच्या वेळी झाकण नीट बसलं आणि तीनच ग्रॅम पाणी उडालं, तर ते १०.३ टक्क्यांचं. जेलचा घट्टपणा आणि फुगवण दोन्ही बदलणार, आणि तुम्ही मात्र दोष फ्रीझरला देणार.

तपासणी: द्रावण उजेडासमोर धरा. अर्धपारदर्शक कण तरंगताना दिसले तर अजून विरघळायचं बाकी आहे. आणखी एक तास तापवूनही कण राहिले तर गरम असतानाच बारीक स्टीलच्या जाळीतून गाळा.

### बुडबुडे

गाळलेलं द्रावण झाकून ६० अंशांच्या ओव्हनमध्ये तास-दोन तास स्थिर ठेवा. झाकण सैल असेल तर दुधावर साय धरते तसा वर थर धरतो. तो ढवळून आत मिसळू नका, चमच्याने उचलून टाका. आत मिसळलेली साय पुढे जेलमध्ये कडक तुकड्यांच्या रूपाने सापडते.

### यात काय मिसळावं

हळद, कोरफड, मध, कडुनिंब, चांदीचे नॅनोकण: प्रकल्पाच्या शीर्षकात यातलं काहीतरी असतंच. माझा आग्रह आहे की आधी साधं, काहीही न मिसळलेलं जेल सलग तीन वेळा एकसारखं करून दाखवा. त्याशिवाय मिसळलेल्या पदार्थाचा परिणाम कोणता आणि तुमच्या हाताचा कोणता, हे वेगळं काढता येणार नाही.

मिसळायचंच असेल तर उष्णतेने बिघडणारा पदार्थ द्रावण ४० अंशांच्या खाली आल्यावर घाला. पण पुढे धुण्याचा टप्पा आहे, आणि पाण्यात विरघळणारं औषध त्यात वाहून जातं. अशा औषधासाठी आधी जेल करा, धुवा आणि नंतर औषधाच्या द्रावणात भिजवून ते आत शिरू द्या.

## टप्पा ४: थाळीत ओतणं

दाट द्रावण पिपेटने मोजू नका, बरंचसं आतच चिकटून राहतं. थाळी तराजूवर ठेवा आणि वजनाने ओता. आतला व्यास ९० मि.मी. असेल तर २० ग्रॅम द्रावणाचा सुमारे ३ मि.मी. जाडीचा थर होतो.

फ्रीझरचा कप्पा समतल आहे का ते पाणसळीने बघा. कप्पा तिरका असेल तर थाळीच्या एका बाजूला जेल दुपटीने जाड होतं आणि तिथल्या चकत्यांची फुगवण वेगळी येते. झाकण लावून कड पॅराफिल्मने बंद करा, नाहीतर फ्रीझरची कोरडी हवा वरचा थर सुकवते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के पसरतं, त्यामुळे थाळी काठोकाठ भरू नका.

## टप्पा ५: गोठवणं आणि वितळवणं

जेल खऱ्या अर्थाने इथे जन्माला येतं. पाण्याचा बर्फ होऊ लागला की पीव्हीएच्या साखळ्या बर्फाच्या कणांमधल्या फटींमध्ये ढकलल्या जातात. तिथे त्यांची इतकी दाटी होते की त्या एकमेकींलगत रचल्या जातात. हळूहळू वितळताना या रचनेला आणखी वेळ मिळतो. म्हणून वितळवणं ही जेल बाहेर काढण्याची घाई नव्हे, तो जेल घडण्याचाच भाग आहे.

सोयीचं वेळापत्रक असं: उणे २० अंशांना १८ तास, मग २५ अंशांना ६ तास. एक फेरी म्हणजे एक दिवस. संध्याकाळी चारला आत, सकाळी दहाला बाहेर, पुन्हा चारला आत. पहिल्या फेरीनंतर मऊ, थरथरणारं जेल मिळतं. ड्रेसिंगसाठी तीन ते पाच फेऱ्या करा. त्यापुढे घट्टपणा वाढतो, पण प्रत्येक फेरीगणिक वाढ कमी होत जाते, आणि फार घट्ट जेल अंगाच्या वळणांवर नीट बसत नाही.

"खोलीचं तापमान" असं लिहू नका. पुण्यात जानेवारीत खोली २२ अंशांना असते, नागपुरात मे महिन्यात ४० च्या पुढे जाते. दोन्ही ठिकाणी वितळण्याचा वेग वेगळा, म्हणजे जेलही वेगळं. थाळ्या २५ अंशांवर लावलेल्या बीओडी इन्क्युबेटरमध्ये (गारही करू शकणारं, तापमान स्थिर ठेवणारं कपाट) वितळवा. तो नसेल तर रोज साध्या फ्रिजमध्ये ४ अंशांना जास्त वेळ ठेवून वितळवा. कोणतीही एक पद्धत चालेल, पण मध्येच बदलू नका. गरम पाणी, मायक्रोवेव्ह किंवा ३७ अंशांचा इन्क्युबेटर वापरून घाई करू नका. भराभर वितळवलेलं जेल कमजोर होतं.

वीज गेली तर ती फेरी मोजू नका. रात्री चार तास वीज गेली आणि फ्रीझर उणे ५ पर्यंत आला, तर सकाळी सगळं पुन्हा गोठलेलं दिसेल आणि तुम्हाला काही कळणारही नाही. कमाल-किमान नोंदवणारा साधा थर्मामीटर आत ठेवा आणि रोज वाचा. रिकाम्या जागेत बर्फाचे पॅक भरून ठेवले तर वीज गेल्यावर तापमान लवकर चढत नाही. ज्या भागात भारनियमन आहे तिथे हे दोन उपाय निम्मे त्रास वाचवतात.

गोठवायला घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिज टाळा. बर्फ साचू नये म्हणून तो ठरावीक वेळाने स्वतःला गरम करतो. तुमच्या एका फेरीत नकळत अर्धवट फेऱ्या मिसळतात.

थाळ्या एकावर एक रचू नका. मधल्या थाळ्या उशिरा गोठतात. एका थरात, मध्ये बोटभर अंतर ठेवून मांडा.

तपासणी: तिसऱ्या फेरीनंतर जेल दुधाळ पांढरं, रबरासारखं लवचीक असावं आणि थाळी उभी केली तरी जागेवर राहावं. अजून काचेसारखं पारदर्शक आणि वाहतं असेल तर फेऱ्या वाढवत बसू नका. टप्पा २ कडे परत जा, पीव्हीएची जात तपासा.

## टप्पा ६: धुणं आणि कापणं

जाळ्यात न अडकलेल्या साखळ्या बाहेर काढायच्या आहेत. जेलच्या किमान वीसपट वजनाचं विआयनीकृत पाणी घ्या, दर आठ तासांनी बदला आणि ४८ तास चालू ठेवा. पाणी खोलीच्या तापमानाच्या वर नेऊ नका.

तपासणी: धुतलेल्या पाण्यात बोरिक आम्ल आणि आयोडीनचं द्रावण घाला. हिरवट-निळा रंग आला तर पीव्हीए अजून सुटतंय. शेवटच्या दोन पाण्यांत रंग दिसेनासा झाला की धुणं संपलं. पाच मिनिटांची ही चाचणी फार कमी लोक करतात, आणि मग पेशी-चाचणीत अनाकलनीय निकाल येतात.

चकत्या कॉर्क-बोररने (गोल तुकडा कापणाऱ्या धातूच्या नळीने) ओल्या जेलमधूनच कापा, कडेचा अर्धा सेंटीमीटर सोडून. प्रत्येक चकतीला क्रमांक द्या.

## टप्पा ७: मोजमाप

### जेलचा अंश

टाकलेल्या पीव्हीएपैकी किती जाळ्यात राहिलं ते यातून कळतं. धुण्याआधी २.००० ग्रॅमची चकती घेतली आणि द्रावण खरोखर १० टक्क्यांचं होतं, तर तिच्यात ०.२०० ग्रॅम पीव्हीए आहे. धुऊन, वाळवून ०.१७० ग्रॅम उरलं तर जेलचा अंश ८५ टक्के. टप्पा ३ मध्ये उडालेलं पाणी भरून काढलं नसेल तर हा हिशेब पहिल्याच ओळीला चुकतो.

### फुगवण

फुगवण टक्केवारी = (ओलं वजन − कोरडं वजन) ÷ कोरडं वजन × १००

पाण्याचं प्रमाण = (ओलं वजन − कोरडं वजन) ÷ ओलं वजन × १००

ही दोन सूत्रं वेगळी आहेत. कोरडं वजन ०.१२० ग्रॅम आणि ओलं ०.७८० ग्रॅम असेल तर फुगवण ५५० टक्के, पण पाण्याचं प्रमाण ८४.६ टक्के. प्रबंधांत हे दोन आकडे एकाच स्तंभात मिसळलेले मी पाहिले आहेत.

सर्वात मोठी चूक क्रमाची असते. बहुतेक जण चकती आधी ओव्हनमध्ये वाळवतात, मग भिजवतात. पण पीव्हीए गरम हवेत वाळताना नवे स्फटिक तयार होतात. म्हणजे मोजायच्या आधीच तुम्ही जेल बदललंत. ते पुन्हा पूर्वीइतकं फुगत नाही. ओव्हन ६० अंशांवर असला तर एक आकडा, ८० वर असला तर दुसरा. पाचशे आणि नऊशेचं कोडं बऱ्याचदा इथेच सुटतं.

क्रम उलटा करा:

१. धुतलेली चकती न वाळवता थेट चाचणीच्या द्रावणात ठेवा.

२. अर्धा, १, २, ४, ८, २४ आणि ४८ तासांनी वजन घ्या. लागोपाठच्या दोन वजनांत २ टक्क्यांहून कमी फरक आला की समतोल झाला असं माना.

३. प्रत्येक वेळी एकाच प्रकारच्या गाळणकागदावर दोन्ही बाजू पाच-पाच सेकंद टेकवा. दाबू नका, जेलमधलं पाणी पिळून निघतं. हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाने करावं.

४. सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, चकती वाळवून कोरडं वजन घ्या. द्रावणातलं मीठ वजनात येऊ नये म्हणून त्याआधी विआयनीकृत पाण्यात नीट धुवा.

चाचणीचं द्रावण म्हणून साधं पाणी पुरेसं नाही, जखमेतल्या स्रावात क्षार असतात. ड्रेसिंगसाठीच्या युरोपीय मानकात, ईएन १३७२६ मध्ये, दिलेलं द्रावण सोपं आहे: एक लिटरमध्ये ८.२९८ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि ०.३६८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. तापमान ३७ अंश.

सावध: जेलमध्ये अल्जिनेट मिसळून कॅल्शियमने बांधलं असेल तर फॉस्फेट बफर वापरू नका. फॉस्फेट कॅल्शियमला ओढून घेतं, सोडियम त्याची जागा घेतं, आणि अल्जिनेटचं जाळं डोळ्यांदेखत सुटतं. "आमचं जेल २४ तासांत जैवविघटित होतं" असा निष्कर्ष अशा वेळी लिहिला जातो. प्रत्यक्षात त्यात विघटन काहीच झालेलं नसतं, फक्त आयनांची अदलाबदल झालेली असते.

### पाणी देणं की घेणं

टप्पा १ मधला प्रश्न इथे तपासता येतो. त्याच मानकात पसरट, आकारहीन जेलसाठी एक चाचणी आहे: २ टक्के अगारचा थर ओल्या जखमेसारखा आणि ३५ टक्के जिलेटिनचा थर कोरड्या जखमेसारखा धरतात. वजन केलेलं जेल दोन्हींवर ठेवून ४८ तासांनी पुन्हा वजन करायचं. चकत्यांसाठीही आपसात तुलना म्हणून हे उत्तम चालतं. अगारवर वजन वाढलं तर जेल पाणी घेतं, जिलेटिनवर घटलं तर पाणी देतं. नुसत्या फुगवणीपेक्षा जखमेबद्दल हे कितीतरी जास्त सांगतं.

### किती नमुने

एका थाळीतल्या पाच चकत्या म्हणजे पाच प्रयोग नव्हेत. तो एकच प्रयोग पाचदा मोजलेला आहे. वेगवेगळ्या दिवशी, नव्याने द्रावण करून किमान तीन थाळ्या करा, प्रत्येकीतून तीन-चार चकत्या घ्या, आणि सरासरी थाळ्यांमधली द्या.

## टप्पा ८: निर्जंतुकीकरण

ऑटोक्लेव्ह, तयार जेलसाठी: नाही. १२१ अंशांना पाण्यातले सगळे स्फटिक वितळतात आणि जेलचं पुन्हा द्रावण होतं.

७० टक्के अल्कोहोल: तात्पुरतं. जंतू मरतात, बीजाणू मरत नाहीत. अल्कोहोलमध्ये जेल आकसतंही. नंतर निर्जंतुक बफरमध्ये अनेकदा धुवावं लागतं.

अतिनील दिवा: फक्त पृष्ठभागासाठी. दुधाळ जेलच्या आत तो किरण पोचत नाही.

गॅमा किरण: खात्रीचा मार्ग. वैद्यकीय वस्तूंसाठी २५ किलोग्रे ही प्रचलित मात्रा आहे. मुंबईतल्या ट्रॉम्बेचा आयसोमेड प्रकल्प १९७४ पासून हेच काम करतो. पण गॅमा किरणांनी ओल्या पीव्हीएमध्ये नवे रासायनिक बंधही तयार होतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने भाजलेल्या जखमांसाठी विकसित केलेलं पीव्हीएवर आधारित जेल याच गुणावर उभं आहे: बांधणी आणि निर्जंतुकीकरण एकाच वेळी. याचा अर्थ, किरण दिल्यानंतरचं तुमचं जेल आधीचं राहिलेलं नाही. टप्पा ७ मधल्या चाचण्या पुन्हा करा आणि प्रबंधात ते नंतरचे आकडे द्या.

लहान प्रयोगशाळेसाठी मी सुचवतो तो मार्ग असा: जेल नव्हे, द्रावणच ऑटोक्लेव्ह करा. बंद बाटलीतलं पीव्हीएचं द्रावण १२१ अंश सहन करतं. मग लॅमिनार हूडखाली निर्जंतुक थाळ्यांत ओता, कडा बंद करा आणि सगळ्या फेऱ्या थाळी न उघडता पूर्ण करा. धुणंही निर्जंतुक पाण्याने, हूडखालीच.

## टप्पा ९: पेशींवरची चाचणी

पहिल्या चाचणीसाठी उंदराच्या एल९२९ फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशी वापरतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून पेशी मागवता येतात. आयएसओ १०९९३-५ नुसार, जेलचा अर्क पेशींना दिल्यावर ७० टक्क्यांपेक्षा कमी पेशी जिवंत राहिल्या तर जेल पेशींना घातक मानलं जातं.

१. अर्क काढण्याआधी जेल बफरमध्ये आणि मग पेशींच्या माध्यमात भिजवून समतोलाला आणा. नाहीतर १० मि.ली. माध्यमात टाकलेलं १ ग्रॅम जेल स्वतःतलं सुमारे ०.८५ ग्रॅम पाणी बाहेर देऊन माध्यम जवळपास ८ टक्क्यांनी पातळ करतं. पेशी उपाशी राहतात आणि दोष जेलवर येतो.

२. ताज्या माध्यमात ०.१ ग्रॅम प्रति मि.ली. या प्रमाणात, ३७ अंशांना २४ तास अर्क काढा.

३. सोबत तीन तुलना ठेवा: नुसतं माध्यम, निरुपद्रवी पदार्थाचा अर्क आणि हमखास विषारी पदार्थाचा अर्क.

४. अर्क पेशींवर २४ तास ठेवा, मग एमटीटी चाचणी करा (जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याला जांभळं करतात) आणि ५७० नॅनोमीटरला वाचा.

सावध: हळद, कोरफड, मध किंवा कोणताही वनस्पती-अर्क जेलमध्ये असेल तर चाचणी-प्लेटच्या पेशी नसलेल्या खाचेतही एमटीटी करून बघा. यातले अनेक घटक एमटीटीला पेशींशिवायच जांभळं करतात. "१४० टक्के पेशी जगल्या" असा आकडा आला की आनंद होण्याआधी ही रिकामी खाच वाचा.

### पेशी जेलवर चिकटत नसतील तर

त्वचेच्या ऊती-अभियांत्रिकीकडे जाणारे इथे अडतात. साध्या पीव्हीएवर फायब्रोब्लास्ट गोल गोल राहतात, पसरत नाहीत. हे विष नव्हे. पीव्हीएवर पेशीला पकडायला जागाच नसते, प्रथिनंही त्यावर फारशी बसत नाहीत. ड्रेसिंगसाठी हा गुण आहे, कारण म्हणूनच ते जखमेला चिकटत नाही. पेशी वाढवायच्या आधारासाठी मात्र हीच अडचण आहे.

उपाय म्हणून जिलेटिन मिसळतात. ते वेगळं, ५० अंशांच्या आसपास विरघळवा आणि पीव्हीए ६० च्या खाली आल्यावर मिसळा. ९५ अंशांवर तासन् तास ठेवलं तर जिलेटिनच्या साखळ्या तुटतात. आणि गोठवण्याने जिलेटिन बांधलं जात नाही, ३७ अंशांना ते विरघळून बाहेर येतं. त्याला ट्रान्सग्लुटामिनेज किंवा जेनिपिनने वेगळं बांधावं लागतं. त्वचेचे दोन थर घडवायचे असतील तर आधी फायब्रोब्लास्टचा थर स्थिरावू द्या, मग वर केराटिनोसाइट (त्वचेच्या बाह्य थराच्या पेशी), आणि ते पसरल्यावरच वरची बाजू हवेला उघडी करा. हा क्रम उलटला तर वरचा थर प्रौढ होत नाही.

## टप्पा १०: साठवण

तयार चकत्या ओलावा न सोडणाऱ्या पाकिटात सील करून ४ अंशांना ठेवा. गोठवू नका, ती आणखी एक फेरी होईल.

पाकिटातही जेल शांत बसत नाही. पहिल्या काही आठवड्यांत स्फटिक हळूहळू वाढत राहतात, जाळं आवळतं आणि थोडं पाणी बाहेर सुटतं. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी जेलचं वय लिहा: शेवटच्या फेरीनंतर कितवा दिवस. १, ७ आणि २८ व्या दिवशी तीच चकती, पाकीट आणि सुटलेलं पाणी वेगवेगळं तोला. ते पाणी सिंकमध्ये ओतून देण्याआधी वजन वहीत उतरवा.